मागच्या दाराचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. पितळेचं, तळहाताएवढं कुलूप. ओहायोतल्या एका गावच्या हायस्कुलात, तळघरातल्या इतिहासाच्या वर्गाच्या मागच्या दाराला मी अकरा वर्षं लटकत होतो. एवढी वर्षं वर्गात काढूनही माणसांबद्दल माझ्या मनात फारसा आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म सदुसष्ट सालचा. एका साच्यातून आम्ही हजारो निघालो. माझी भावंडं सायकलींना गेली, कोठारांना गेली. चोर अडवायचा, एवढं सरळ काम. माझ्या नशिबी मात्र मुलं कोंडणं आलं.

त्याचं असं झालं. इतिहासाचे स्ट्राउड सर शिकवायला लागले की मागच्या बाकांवरची मुलं त्या दारानं हळूच सटकायची आणि गाड्यांच्या आड उभी राहून सिगरेटी ओढायची. आपण जरा बरं शिकवावं, हे सरांच्या डोक्यात येईल तर शपथ! ते मुख्याध्यापक पेटिंगिल साहेबांना घेऊन दाराशी आले आणि म्हणाले, "साहेब, इथं एक कुलूप ठोका. मुलं ऐकत नाहीत." साहेब म्हणाले, "ठोकू की." कागदावर एक अक्षर नाही. शाळेची झाडलोट, डागडुजी आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या एमिल होलुबनं मला कडीत अडकवलं. सांगितलेलं काम करणारा माणूस बिचारा.

आता गंमत ऐका. दरवर्षी फेब्रुवारीत स्ट्राउड सर सुधारणांच्या काळाचा धडा घ्यायचे. न्यूयॉर्कमधला तो कपडे शिवायचा कारखाना, एकोणीसशे अकरा साल. आग लागली, दाराला कुलूप, शंभर-दीडशे माणसं गेली, बहुतेक पोरवयाच्या मुली. इथं सरांचा आवाज दाटून यायचा. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे : "सरकारनं काय करावं?" मुलं लिहून घ्यायची. कायदे, निरीक्षक, मोकळी दारं. आणि मी त्यांच्या पाठीशी सहा हातांवर लटकत असायचो! कपाळावर हात मारून घेतला असता, पण कुलपाला हात कुठले?

त्याहून मोठा तमाशा आगीच्या सरावाचा. दर महिन्याला कायद्यानं तो करावाच लागतो. साहेब सकाळीच भोंग्यावर सांगायचे, "आज दहा वाजता आग लागल्याची घंटा होईल." पावणेदहाला एमिल येऊन मला काढायचा. घंटा व्हायची, मुलं मागच्या दारानं रांगेत बाहेर. "एक मिनिट चाळीस सेकंद! शाबास!" साहेब घड्याळ बघून खूश. मुलं आत आली की मी पुन्हा कडीत. अकरा वर्षांत एकाही शहाण्याला यात काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते मार्सीला. एमिलचीच मुलगी, शेवटच्या वर्षाला होती. एका सरावानंतर एमिल मला अडकवत होता, तेव्हा ती मागं रेंगाळली.

"बाबा, खरीच आग लागली तर तुम्ही पंधरा मिनिटं आधी याल का?"

"हळू बोल गं," एमिल म्हणाला. "साहेबांचं सांगणं आहे."

"पलीकडच्या खोलीत बॉयलर आहे. पुढच्या दारातून निघायचं झालं तर त्याच्याच समोरून जावं लागेल."

"मला कळतं ते. पण नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. नीट पार पडू देत."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. अकरा वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

धड्याच्या शेवटी सर दरवर्षी एक गृहपाठ द्यायचे. आपण एकोणीसशे अकरा सालात आहोत असं समजून सरकारला पत्र लिहा. सगळी पत्रं सरांच्या कपाटात जाऊन पडायची. मार्सीनं पत्र लिहिलं ते आमच्या दाराबद्दल, राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्याला, आणि वर तारीख घातली त्या दिवसाची. सरांनी जेमतेम पास केलं. शेरा मारला : "कल्पना छान, पण तारीख चुकली. आता असं कुठे घडतं?" ते लिहिताना ते दाराला टेकून उभे होते. त्यांची कोपरं मला टोचत होती!

पोरीनं पत्राची एक प्रत टपालात टाकली होती.

दोन आठवड्यांनी निरीक्षक आला. सांगून नाही, ऐन तासात. थेट माझ्यापाशी येऊन त्यानं मला ओढून बघितलं. "हे कुणी लावलं?"

मागोमाग धापा टाकत आलेले पेटिंगिल साहेब पटकन म्हणाले, "एमिलनं. किल्ल्या त्याच्याकडे असतात." एमिल किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होता. निरीक्षकानं वहीत त्याचं नाव लिहायला घेतलं. मार्सीचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या पत्रानं बापाचीच नोकरी जाणार, हे तिला तेव्हा कळलं.

आणि स्ट्राउड सर? ते हातातला खडू न्याहाळत होते. वीस वर्षं सत्याच्या आणि धैर्याच्या बाता मारणारा माणूस मूग गिळून उभा! शेळपट मेला. मला याहून वेगळी अपेक्षाच नव्हती.

मार्सी उभी राहिली. "सर, त्या कारखान्याचं दार कुणी बंद केलं होतं ते तुम्ही दरवर्षी सांगता. याचंही सांगा ना."

सरांच्या हातातला खडू मोडला.

"मी," ते म्हणाले. "कुलूप मी मागितलं. साहेबांनी हो म्हटलं. एमिलनं फक्त लावलं."

निरीक्षकानं एमिलचं नाव खोडलं. एमिलनं मला काढलं आणि खिशात टाकलं. सरांनी नंतर मार्सीचे गुण वाढवायची तयारी दाखवली. ती म्हणाली, "राहू देत. तारीख बरोबर होती, एवढं फक्त तिथं लिहा." त्यांनी लिहिलं. एवढ्यापुरता मी त्यांना माणूस म्हणायला तयार आहे.

मार्सी पास होऊन गेली. एमिल निवृत्त झाला. आणि या दीडशहाण्यांनी मला काय केलं म्हणता? वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटात ठेवलं. खाली पाटी : "पूर्वीच्या काळी कारखान्यांत दारांना अशी कुलपं लावत." पूर्वीच्या काळी! सदुसष्ट सालचा मी! नवी मुलं येतात, पाटी वहीत उतरवून घेतात, पुढे जातात. आणि हे भलंमोठं कपाट त्यांनी कुठे उभं केलंय ठाऊक आहे? बाजूच्या जिन्याच्या बाहेर पडायच्या दाराला अगदी चिकटून. दार ढकलून उघडायची आडवी दांडी माझ्या पाठीमागच्या फळीला टेकलेली आहे. परवाच सराव झाला. सगळे पुढच्या दारानं गेले. दोन मिनिटं दहा सेकंद, शाबास!

पाटी वाचणाऱ्या पोरांनो, मला बघून झालं असेल तर जरा माझ्या मागं बघा. आणि दिसलं, तर वही काढून पत्र लिहा. तारीख आजची घाला.