चाकूची डावी बाजू

चष्मेवाल्याची नजर म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप होता. भिंतीवरची तसबीर केसभर कललेली दिसली तरी जेवणावरून उठून सरळ करणारा माणूस तो. त्याच्याबरोबर खरेदीला जायचं तर बायको आधी पोटभर खाऊन निघायची, कारण एक शर्ट घ्यायला दुपार जाणार हे ठरलेलं. अशा माणसानं नवा घडीचा चाकू आणावा आणि नेमकी त्यातच खोट निघावी, मग काय विचारता.

चाकू आणला होता दुकानात येणारी काचांची पार्सलं फोडायला. पात्याला नाव ठेवायला जागा नव्हती. उघडलं की टक्कन बसायचं, आणि कागदाला कळायच्या आत कागदाचे दोन तुकडे व्हायचे. घोडं अडलं होतं मुठीपाशी. डाव्या बाजूची लाकडी पट्टी एका टोकाला नखाला लागेल इतकी वर आलेली, आणि तिच्यातले तीन पितळी खिळे तिरके. उजवी बाजू मात्र बघत राहावी अशी.

"परत करून टाका," बायको म्हणाली. "आठ दिवसांची मुदत दिलीय ना दुकानदारानं?"

"कापतो तर छान."

"हे तुम्ही म्हणताय?" असं म्हणून तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिला कारण सांगायची सोय नव्हती, ते लगेच तिच्या थोरल्या जावेच्या कानावर गेलं असतं. पात्याच्या बुडाशी, चाकू पुरता उघडल्याशिवाय दिसणार नाहीत असे, दोन बारीक ठिपके ठोकलेले होते. ते ठिपके त्याच्या थोरल्या भावाचे. दादा चाकूच्या कारखान्यात एकतीस वर्षं मुठी बसवत होता, आणि तिथला प्रत्येक कारागीर आपल्या कामावर आपली खूण ठोकायचा. माल परत आला की मालक आधी खूण बघायचा. दादाचे दोन चाकू या वर्षात परत आले होते. तिसरा आला की मुठीच्या टेबलावरून उठायचं आणि खोकी भरायला बसायचं, असा तिथला कायदा. हे दादानंच मागे जेवताना हसत हसत सांगितलं होतं. वहिनी काही हसली नव्हती.

तेव्हा चाकू ठेवायचा, असं चष्मेवाल्यानं ठरवलं. आणि ठरवल्यावर गडी स्वतःवर असा खूश झाला की विचारू नका. भावासाठी आपण वाकडी वस्तू पदरात घेतली, तीही आपल्यासारख्या माणसानं. स्वतःच्या पाठीवर शाबासकी द्यायला हात पोचत नाही म्हणून, नाहीतर त्यानं तेही केलं असतं.

हा आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी, शनिवारी, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रिकामा बसला असताना त्यानं तो चाकू काचेचा कोन मोजायच्या तबकडीवर ठेवला. उगाच, खिळे किती कललेत ते बघायला. पहिला खिळा जेवढा कललेला, दुसरा तेवढाच, तिसराही तेवढाच. म्हातारा झालेला हात असा शिस्तीत चुकत नाही. तो एकदा इकडे जातो, एकदा तिकडे. ही चूक डोळ्याची होती, तीही डाव्या; मुठीची डावी बाजू दादा उजवा डोळा मिटून जोखायचा. आणि दादाचा चष्मा कोणी केला होता?

त्यानंच.

पाच महिन्यांपूर्वी नवा चष्मा घेऊन गेल्यावर आठवड्यानं दादा आला होता. "अरे, डाव्या डोळ्यानं सगळं कलतं दिसतंय," म्हणाला होता. चष्मेवाल्यानं मान वर न करता सांगितलं होतं, "सवय होईल." या धंद्यात हा शब्द रामबाण आहे. दहातल्या नऊ जणांना खरंच सवय होते. दहाव्याची काच काढून बघायची असते. दादाची त्यानं बघितली नाही.

कारखाना सुटल्यावर त्यानं दादाला निरोप धाडून दुकानात बोलावलं. "स्क्रू ढिला वाटतोय," असं काहीबाही सांगून चष्मा हातात घेतला आणि मशीनवर चढवला. नंबराच्या कागदावर डाव्या काचेचा कोन होता वीस अंश. मशीन सांगत होतं एकशे साठ. काच पालथी ठेवून कोनाची खूण केली की असंच होतं, आरशात बघितल्यासारखं उलटं. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात ही चूक करतो. यानं सव्वीस वर्षांनी केली, कारण काम घरचं होतं. परक्याचा चष्मा तो दोनदा तपासून द्यायचा. दादाचा कशाला तपासायचा, दादा काय तक्रार करणार आहे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"बोलावलंस ते बरं केलंस," दादा स्टुलावर बसत म्हणाला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. "मीच येणार होतो. आज मालकाला सांगून आलो, सोमवारपासून मला खोकी भरायला द्या."

"का? तिसरा चाकू आला परत?"

"नाही आला. पण येणारच की. बोटाला कळतं रे, पट्टी वर राहिलीय ते. डोळ्याला सरळ दिसतं आणि बोटाला वाकडं लागतं. किती दिवस भांडू स्वतःशी? म्हटलं, गेला आपला हात. दुसऱ्यानं उठवण्याआधी आपणच उठावं."

चष्मेवाल्यानं मशीनवरून चष्मा उतरवला. गप्प बसणं सोपं होतं. काच बदलून द्यायची, "आता बघ" म्हणायचं, संपलं. दादाला कधी कळलंही नसतं. पण पाच महिने हा माणूस स्वतःच्या हाताला शिव्या देत होता, आणि हात बिचारा खरं बोलत होता.

"तुझा हात गेलेला नाही, दादा," तो म्हणाला. "मी काच उलटी बसवली."

मग त्यानं सगळं सांगितलं, मालकालाही जाऊन सांगतो म्हणाला. चाकू काढून समोर ठेवला. दादानं तो उचलला नाही. बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला.

"मालकाकडे जाऊ नकोस," शेवटी तो म्हणाला. "कारखान्यातली निम्मी माणसं तुझे चष्मे घालतात, माझ्या शब्दावर. उद्या एक जण यायचा नाही तुझ्याकडे. मी भरीन खोकी, त्यात काय मरण आहे? तो चाकू ठेव. कापतो ना?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चष्मेवाल्याला वाटलं. त्याला दादाच्या तोंडाकडे बघवेना.

रविवारी त्यानं नवी काच बसवली, तीनदा तपासली आणि घरी नेऊन दिली. सोमवारी सकाळी दुकान न उघडता तो चाकू घेऊन थेट कारखान्यात गेला. दादा कोपऱ्यात खोक्यांपाशी उभा होता. त्यानं लांबूनच मान हलवली, नको म्हणून.

मालकानं चाकू उघडला, ठिपके बघितले. "म्हणजे तिसरा."

"तिसरा नाही," चष्मेवाला म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "खोट चष्म्यात होती. तो मी केला होता. डावी काच मी उलटी बसवली, आणि तो सांगायला आला तेव्हा ऐकून घेतलं नाही."

घासायचं चाक कोणीतरी बंद केलं. मालकानं एकदा चाकूकडे आणि एकदा कोपऱ्याकडे बघितलं. "खोकं ठेवा खाली," तो दादाला म्हणाला. "जागेवर बसा."

दादा आपल्या टेबलाशी जाऊन बसला. शेजारच्या कारागिरानं त्याला जागा करून दिली, मग स्वतःचा चष्मा काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एक डोळा मिटून बघू लागला. त्याच्या पलीकडच्यानंही काढला. मग आणखी एकानं. दादानं तेवढा आपला चष्मा काढला नाही.