नमुना मुलगी

हट्ट ज्योतीनंच धरला होता, हे आधी सांगायला हवं. जळगावच्या त्या छोट्या कंपनीत समाजाच्या वधू-वर सूचीच्या सॉफ्टवेअरचं काम चाललं होतं, आणि ते नीट चालतंय का याची चाचणी लिहिताना जो तो आपली खोटी मुलगी नव्यानं रचत बसायचा. ती म्हणाली, एकच फिक्श्चर करा. नमुना मुलगी एकाच जागी लिहा. प्रत्येक चाचणीआधी ती उभी राहील, चाचणी झाली की पुसली जाईल. अखिलभाऊ मालक. त्यांना पटलं, आणि त्यांनी काम तिच्या सोबतच्या प्रेमराजला दिलं.

चार दिवस चोपड्याला घरी राहून ज्योती परतली आणि फाइल उघडली. नमुना मुलगी: वय चौतीस, रंग सावळा, सोडचिठ्ठी झालेली, गाव चोपडा. तिनं स्वतःसाठी गुपचूप याच सूचीत भरलेला अर्ज मेल्यानं जसाच्या तसा उचलला होता. खाली एकेचाळीस चाचण्या, प्रत्येक एकेका स्थळाच्या अपेक्षेची. स्थळानं मुलीला नाकारलं की चाचणी पास, हिरवी खूण.

"नाव कोठे शे तुनं त्यामा, ताई?" प्रेमराज हसत म्हणाला. "नकार तपासाले अशीच पोर लागस."

अख्खं ऑफिस खिदळलं. अखिलभाऊ घड्याळ बघत म्हणाले, "चारला धुळ्याहून समाजाची मंडळी येतायत. सगळं हिरवं दिसलं पाहिजे."

ज्योतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेमराजच्या बहिणीचा, दिपमालाचा, अर्जही सूचीत होताच. तो उचलून तिनं फिक्श्चरमध्ये घातला. घे, बहिणीला एकेचाळीस नकार मिळताना बघ. साऱ्यांना बोलावून तिनं चाचण्या चालवल्या.

पडदा लालभडक झाला. दिपमाला तेवीस वर्षांची, गोरी, पहिलंच लग्न. एकेचाळीसच्या एकेचाळीस स्थळांनी तिला होकार दिला होता, आणि चाचण्यांना हवा होता नकार. प्रेमराज निवांत चहा पीत राहिला.

"बिघडवलंत तुम्ही, नीटही तुम्हीच करा," अखिलभाऊ म्हणाले.

पावणेचार झाले होते. ज्योतीनं आधी नुसतं आपलं वय टाकलं, तेवढ्यावर भागेल म्हणून. चौदा चाचण्या हिरव्या झाल्या. मग रंग टाकला, आणखी अकरा झाल्या. मागे सगळे उभे होते. तिनं सोडचिठ्ठी लिहिली, तशा उरलेल्या सोळाही झाल्या.

"शाब्बास," अखिलभाऊ म्हणाले आणि पाहुण्यांना घ्यायला खाली गेले.