इंजिनाला लागलेलं कुंकू

मी एक जुनी जीपगाडी आहे. मिलिटरीतून निघालेली, डिस्पोजलची. सध्या माझा मुक्काम महाळुंग्याच्या एका शेताच्या बांधावर असतो आणि माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. हसू नका, मित्रांनो. माझेही दिवस होते.

माझा जन्म बासष्ट सालचा. अंगावर हिरवा रंग चढला आणि मी थेट फौजेत दाखल झाले. तिथे माझा थाट होता. रोज सकाळी तेल, पाणी, हवा तपासल्याशिवाय कुणी मला हात लावत नसे. पुढे वय झालं, देहूरोडला माझा लिलाव झाला आणि रहाटणीच्या मारुतरावांनी मला घरी आणलं. माणूस भला, पण घाईचा. मी कुरकुरले तर ते बोनेटवर एक थाप मारत आणि पुढे हाकत. मी दूध वाहिलं, सिमेंट वाहिलं, एका नवरदेवालाही मिरवलं. कौतुकही पुष्कळ झालं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पण मला सांगायचं आहे ते त्या खंडेनवमीचं.

मारुतरावांच्या शेजारी इंदुताई राहत. त्यांचे मालक कंपनीत कामाला होते, ते तापाने गेले. तेव्हापासून इंदुताई कामगारांची लहानशी खानावळ चालवत. त्या वर्षी नदीपलीकडच्या एका कंपनीतल्या कँटीनचे आचारी सणाला गावी निघून गेले. साहेबांनी इंदुताईंना बोलावून सांगितलं, की एक दिवस पहिल्या शिफ्टचं जेवण तुम्ही पाठवा. जेवणाच्या भोंग्याच्या आत पोचलं तर पुढचं कामही तुमचंच. उशीर झाला तर पुन्हा विचारायला येऊ नका. इंदुताईंनी पहाटेपासून चुली पेटवल्या होत्या. दोन लेकरं आणि हाताखालच्या चार बाया, सगळ्यांचं पुढचं वर्ष त्या पातेल्यांत शिजत होतं.

जेवण माझ्यातून पोचवायचं मारुतरावांनी कबूल केलं होतं. इकडे त्यांच्या घरी पूजा चालली होती. पान्हे, हातोडी पाटावर मांडलेली, माझ्या गळ्यात झेंडूची माळ. मंजुळाबाई, म्हणजे मारुतरावांच्या पत्नी, मोठ्या भाविक. त्यांनी माझं बोनेट उघडायला लावलं. बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, हॉर्नला वाहिलं. मग त्यांची नजर गेली इंजिनाच्या कडेला असलेल्या काळ्या टोपीकडे. चारी प्लगांना करंट वाटून देते ती टोपी. वर पाच तोंडं, प्रत्येक तोंडातून वायर निघालेली. बाईंना तिच्यात साक्षात देव दिसला असावा. त्यांनी तिच्यावर तांब्याने पाणी घातलं आणि कालवलेलं कुंकू पाचही तोंडांच्या मधून मनसोक्त माखलं. मला गार वाटलं आणि लगेच कळलं, की आता आपली धडगत नाही. पण मला वाचा कुठे होती!

इंदुताई तेवढा वेळ अंगणाबाहेर उभ्या होत्या. त्यांना कुणी लांब हो म्हटलं नव्हतं, पण जवळ येही म्हटलं नव्हतं.

पातेली चढली, मारुतराव बसले, स्टार्टर दाबला. मी खर्र खर्र फिरले. अंगात जेवढा जोर होता तेवढा लावला, पण इंजिन काही पकडेना. मारुतरावांनी पुन्हा दाबला, पुन्हा पुन्हा दाबला. नेहमीची थापही मारून झाली. मग त्यांनी बैलगाडी जुंपायची गोष्ट काढली.

"बैलगाडीनं पोचायला दुपार टळंल," इंदुताई म्हणाल्या. "गाडीला काय झालंय ते बघा आदी. भीमराजभावजींना हाक मारा."

भीमराज समोरच्या आळीतले, कंपनीत फिटर. त्यांची दुसरी पाळी होती. आल्या आल्या त्यांनी मारुतरावांचा हात स्टार्टरवरून काढला, कारण बॅटरी उतरली तर सगळंच संपलं असतं. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक, असं म्हणून ते पुढच्या तपासाला लागले. टाकीत पेट्रोल होतं. कारबोरेटरपर्यंत येतही होतं. मग त्यांनी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि एकदाच स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी नाही. मग टोपीच्या मधली वायर उपसून तशीच धरली. तिथे निळी ठिणगी चटकन उडाली. इंदुताई त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहून सगळं बघत होत्या आणि एक झालं की पुढचं काय ते विचारत होत्या.

"करंट टोपीपर्यंत येतोय, फुडं जात न्हाई," भीमराज म्हणाले. "वल्ल्या कुंकवातनं वाहून जातोय. हे पुसावं लागंल."

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. हे कुंकू नुसतं गाडीचं नव्हतं हो त्यांच्या लेखी. ही गाडी त्यांचा धनी चालवत होता. सणाच्या दिवशी कुंकू पुसायचं म्हणजे काय, हे त्यांनी रडवेल्या आवाजात सांगितलं. मारुतरावांचा हात उचलेना. भीमराज बौद्ध, त्यांचा या पूजेशी संबंध नव्हता. पण उद्या काही वेडंवाकडं घडलं तर गाव त्यांनाच बोललं असतं.

इंदुताई पुढे झाल्या.

"माजं पुसलं तवा कुणी थांबवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ते पुसून काय मिळालं? हे पुसलं तर दोनशे माणसं जेवतील."

भीमराजांनी टोपी सोडवून त्यांच्या हातात दिली. इंदुताईंनी आपल्या पांढऱ्या पदराने ती आतबाहेर कोरडी केली, एकेक तोंड, एकेक खाच. पदर लालभडक झाला. टोपी बसली, वायरी बसल्या, स्टार्टर दाबला. मित्रांनो, मी अशी गरजले की माळेतली फुलं गळून पडली.

आम्ही फाटकात शिरलो आणि भोंगा झाला. इंदुताई पातेल्यापाशी उभ्या राहून वाढत होत्या, पदर तसाच लाल. कुणी पाहिलं, कुणी कुजबुजलं. त्यांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. काम त्यांना मिळालं आणि पुढची सात वर्षं ते जेवण मीच वाहिलं.

संध्याकाळी मारुतराव धडधाकट घरी परतले. मग मंजुळाबाई उठून इंदुताईंच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "फुडल्या साली पूजेला बाहीर उभी राहू नगंस. माज्या शेजारी बस."

आता माझी टोपी कुणी काढून नेली आहे आणि टाकीत पाणी साचलं आहे. असो. तुमच्या घरचं यंत्र अडून बसलं तर त्याला थापा मारू नका. कुठवर ठीक आहे आणि कुठे अडलं आहे, ते शांतपणे पाहत जा. पूजाही जरूर करा. फक्त हात जोडण्याआधी एकदा मागे वळून बघा, अंगणाबाहेर कुणी उभं तर नाही ना.