शेवटच्या सायकलची शिट्टी

तृप्तीचा हिशेब पक्का होता. घोटीहून निघून वैतरणेच्या धरणाला वळसा घालून परत यायचं, अंतर साठ किलोमीटर. ताशी पंधराने चार तास, वाटेत चहाला अर्धा तास. साडेसहाला निघालं तर अकराला फेरी पूर्ण. गोव्याच्या संशोधन संस्थेला होकार कळवायची मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत होती. म्हणजे तास हाताशी उरत होता, आणि काम एका मिनिटाचं.

शुक्रवारी तिने घरात विषय काढला तेव्हा किशोर हसला होता. "दोन वर्षं गोव्याला? बरं. रविवारची फेरी होऊ दे. वाटेत चहा पिता पिता ठरवू. होकार काय, तिथूनही पाठवता येईल."

नवऱ्याशी बोलल्याशिवाय कळवायचं नाही, एवढं तिने स्वतःच ठरवलं होतं. पण आज चहाच्या वेळी तो चौदा जणांच्या घोळक्यात होता आणि नंतर पुढे निघून गेला.

त्यांच्या इंदिरानगरच्या सायकल गटाचे नियम किशोरनेच केलेले. फोन सगळ्यांचे एका पिशवीत, पिशवी दत्तूच्या टेम्पोत, टेम्पो सगळ्यात पुढे. शेपटाला एक भरवशाचा माणूस ठेवायचा. त्याने कोणालाही ओलांडायचं नाही, मागे कोणाला सोडायचं नाही. त्याच्या गळ्यात शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे अडचण. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि टेम्पोने मागे यायचं. सकाळी शिट्टी तृप्तीच्या गळ्यात घालून किशोर म्हणाला होता, "हिच्याइतका धीर आपल्यात कुणाला आहे?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता घड्याळात दहा पन्नास झाले होते. चोवीस किलोमीटर बाकी होते आणि तिच्या पुढे तिची जाऊ, मीनावहिनी, ताशी नऊने चालल्या होत्या.

"वहिनी, जरा रेटूया का?"

"अगं बाई, पन्नाशीला आले मी. गुडघे बोलतात माझे. तुला घाई कसली? चिक्की खाणार?"

"नको."

चढ लागला. मीनावहिनी बोलतच होत्या: नाचणीचे पापड, यंदाची लग्नं, शेजारणीचा नवा मिक्सर. एकही वाक्य धापेने तुटत नव्हतं. तृप्तीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला सतरा. तिचे स्वतःचे तीसच्या वर होते. सतरा म्हणजे ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचे. मग उतार आला आणि मीनावहिनींनी दोन्ही ब्रेक आवळले. रबर तापल्याचा वास मागे आला.



"वहिनी, तुम्ही मुद्दाम हळू चालवताय."

पुढची पाठ ताठ झाली.

"भावोजी म्हणाले, बारापर्यंत हिला पुढे येऊ देऊ नका. मुदत टळली की विषय आपोआप मिटेल, भांडण नको न तंटा नको. मला पटलं बाई."

"तुम्हाला पटलं?"

"माझंही असंच मिटलं होतं की. बी.एड.ला नंबर लागल्याचं पत्र सासूबाईंनी फडताळात ठेवून दिलं. सापडलं तेव्हा माझा रोहित दोन वर्षांचा होता. काय वाईट झालं माझं?" त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तृप्तीने रस्त्याकडे पाहिलं. डावीकडे पाणी, उजवीकडे डोंगर, मधे एक डांबरी पट्टा. मागे वळावं तर चाळीसेक किलोमीटर. फोन पुढे. वहिनींना ओलांडून जावं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गटात एकच चर्चा: म्हाताऱ्या जावेला रानात टाकून गेली.

कडेला सरपणाचा भारा टेकवून एक म्हातारी उभी होती.

"आजी, इथं कुठं फोन लागतो का?"

"इथं नाय. त्या पिंपळाखाली जा, तिथं लागतो. आमचा पुंजा तिथूनच बोलतो." म्हातारीने दोघींना न्याहाळलं. "लय मागं राह्यल्या तुमी. बाकीचे त्ये बघा, पलीकडं गेले."

खरंच. पिंपळाशी पाण्याचा एक फाटा आत शिरला होता. रस्ता त्याला तीन किलोमीटरचा वळसा घालून पलीकडे जात होता, आणि पलीकडचे रंगीत शर्ट पाण्यावरून सरळ रेषेत जेमतेम साडेतीनशे मीटरवर होते. तृप्ती पिंपळाखाली थांबली. शिट्टी तोंडाला लावली.

"वाजवलीस तर सगळे विचारतील काय झालं म्हणून," मीनावहिनी घाईने म्हणाल्या.

"विचारू देत."

तीन शिट्ट्या पाण्यावरून गेल्या. एक सेकंद काहीच झालं नाही. मग पलीकडच्या सायकली एकेक करून थांबल्या आणि टेम्पो वळला.

अकरा पंचवीसला तो आला. दत्तूच्या शेजारी किशोर.

"कोण पडलं? वहिनी, लागलं का?"

मीनावहिनी आपल्या ब्रेककडे बघत राहिल्या.

"कोणी पडलं नाही. मला माझा फोन हवाय," तृप्ती म्हणाली.

"नियम काय आहे तृप्ती? अडचण असली तरच…"

"आहे अडचण. बाराची."

किशोर हसला; दत्तू ऐकत होता. "घरी गेल्यावर बोलू ना."

तृप्तीने स्वतःच पिशवी ओढली, फोन काढला आणि उभ्या उभ्या होकाराच्या चार ओळी लिहिल्या. रेंजची एकच रेघ होती. पत्र जाईपर्यंत चाळीस सेकंद लागले.

"झालं?" किशोरने हात पुढे केला. "शिट्टी दे आता. फोनपण."

फोन तिने पिशवीत टाकला. "शिट्टी शेपटाच्या माणसाकडे असते."

त्याने टेम्पोवरची आपली सायकल उतरवून घेतली. मीनावहिनी पॅडल मारून पुढे गेल्या, पहिल्यांदाच झपाट्याने, आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. टेम्पोही गेला. किशोर नेमका तृप्तीच्या पुढे आला आणि हळू झाला. ताशी आठ. मागे न बघता तो रस्त्याच्या मधोमध चालवत राहिला.

ओलांडायचं नाही, हा नियम त्याचाच होता. तिने शिट्टी कुर्त्याच्या आत सरकवली आणि दोन सायकलींचं अंतर ठेवलं. वीस किलोमीटर, ताशी आठ. अडीच तास. या वेळी तिने पुढच्याचा वेग हिशेबात धरला.