तिसऱ्या ओळीची पुकार

मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी ड्रायव्हर माणूस. बत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, त्यातली शेवटची अकरा जयपुरात. इकडे बांदीकुई, तिकडे फुलेरा. ड्युटीवर एकदाही उशिरा पोचलो नाही. घरातून निघायला दोन मिनिटं जास्त लागली तरी गौतमी म्हणायची, "झालं, आता दिवसभर तोंड फुगणार सुखदेवरावांचं." गौतमी म्हणजे माझी बायको.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर तिला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी आधी इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, मग हिंदीत सोपं करून सांगितलं. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, दम कमी कमी होत जाणार, औषधानं जास्तीत जास्त वर्षभर ढकलता येईल. मी डॉक्टरांवरच ओरडलो. गौतमीनं माझी बाही ओढून मला बाहेर आणलं.

ती रडली नाही. चार दिवसांनी कोथिंबीर निवडताना एवढंच म्हणाली, "अहो, बाबांचं गाणं आता माझ्यानं पूर्ण होत नाही. तिसऱ्या ओळीतच दम संपतो."

बाबा म्हणजे माझे सासरे, कोंडिबा. भुसावळला गँगमन होते. रुळावर हातोडा घालता घालता गाणी जुळवायचे. छप्पनला धम्मदीक्षा झाली, सत्तावन्नला ही जन्मली, म्हणून नाव गौतमी ठेवलं आणि त्याच दिवशी तिच्यावर चार ओळींचं गाणं केलं. कुठं लिहिलं नाही, कुणी छापलं नाही. हिचे भाऊ कधीच गेले. आमचा मुलगा संकल्प पुण्याला नोकरीला, वाढला सगळा जयपुरात. "मतलब" म्हटल्याशिवाय त्याचं मराठी वाक्य पुढे सरकत नाही. त्याला कुठलं येणार! म्हणजे ते गाणं या जगात फक्त एका बाईच्या छातीत होतं आणि ती छातीच बंद पडत चालली होती.

"माझ्याबरोबर जाईल ते," ती म्हणाली. "जाऊ दे. पण मला एकदा कुणीतरी म्हणून दाखवायला हवं होतं. बाबा गेल्यापासून मीच म्हणते आणि मीच ऐकते."

माझा गळा म्हणजे इंजिनाचा भोंगा. कपाटावर संकल्पची गिटार पडली होती, कॉलेजात हौसेनं घेतलेली. मी ती उतरवली, धूळ पुसली आणि म्हणालो, "मी वाजवून दाखवतो तुला. पूर्ण. चारही ओळी."

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. पण डोळे चमकले होते तिचे, मी पाहिलं.

हसनपुऱ्यात पवनजींचा क्लास होता. भला माणूस, सांगानेरहून रोज बसनं यायचा. घरी येऊन त्यांनी गौतमीकडून गाणं तुकड्या-तुकड्यानं ऐकलं आणि कागदावर आकडे मांडून दिले. कितवी तार, कितवा फ्रेट. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचे आडवे पट्टे. त्यांच्यामधल्या जागेला आम्ही आपलं घर म्हणायला लागलो. मग पवनजी म्हणाले, "अंकलजी, रोज एक घंटा रियाज. पहले स्केल. गाना छह महीने बाद."

सहा महिने! माझ्याकडे सहा महिने होते कुठे?

तरी बसलो, स्केल म्हणजे नुसते सूर वर-खाली घोटत. रोज एक तास, ठरलेल्या वेळी. पण आमच्या धंद्यात ठरलेली वेळ असते का? आज पहाटे चारला गाडी, उद्या दुपारी दोनला. तासभर बसायचो, अर्धा तास पेंगायचो. संकल्प फोनवर म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून शिका." कॉम्प्युटर काय माझ्या इंजिनात होता? बाजारातून एक पुस्तक आणलं, महिन्याभरात गिटार शिका असं सांगणारं. महिन्यानंतर ते मी भिंतीवर फेकलं. बोटांची सालं निघाली, पहिली ओळसुद्धा धड येईना. कागदाकडे बघितलं की हात चुकायचा, हाताकडे बघितलं की कागदावरची जागा हरवायची.

"माझ्यानं होणार नाही," मी एका दुपारी गिटार आपटून म्हणालो. खरं सांगतो, रडायला आलं होतं.

गौतमी पलंगावर उशांना टेकून बसली होती. बाजूला ऑक्सिजनची टाकी. म्हणाली, "तुम्ही इंजिनात कागद बघून गाडी चालवता का?"

"नाही. का?"

"मग कशी चालवता?"

"सतीश पुकारतो ना."

सतीश माझा असिस्टंट. आमच्याकडे नियम आहे: सिग्नल दिसला की असिस्टंट तो मोठ्यानं पुकारतो, "होम, हिरवा!" म्हणजे स्टेशनाबाहेरचा सिग्नल हिरवा, आणि ड्रायव्हर तेच मोठ्यानं परत म्हणतो. दोघांच्या तोंडून निघाल्याशिवाय हात हलत नाही. बत्तीस वर्षांत हे माझ्या रक्तात गेलं होतं. स्कूटरवरसुद्धा मी सिग्नल पुकारायचो आणि ही मागे बसून पदर तोंडाला लावून हसायची.

तिनं कागद घेतला आणि मोठ्यानं पुकारलं, "तिसरी तार, दुसरं घर!"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तिसरी, दोन!" आणि बोट तिथंच पडलं. बरोबर तिथंच.

"दुसरी तार, मोकळी!"

"दुसरी, मोकळी!"

पाच मिनिटांत पहिली ओळ आली. आई शप्पथ, पाच मिनिटांत! आम्ही दोघं एकमेकांकडे येड्यासारखे बघत राहिलो. पवनजींना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "अंकलजी, रियाज वही, जो आपको सूट करे."

मग तेच सुरू झालं. तास नाही, स्केल नाही. ड्युटीला निघण्याआधी चहा झाला की पाच-दहा मिनिटं. ती पुकारायची, मी वाजवायचो. संपूर्ण संसारात आम्ही इतकं एकमेकांशी बोललो नसू. फेब्रुवारीत दुसरी ओळ झाली, मार्चमध्ये तिसरीला हात घातला. ती कागदही बघेनाशी झाली. आकडे तिला पाठ. पण पुकार आखडत चालली. "तिसरी तार, दुसरं घर"चं "तिसरी, दोन" झालं. मग नुसतं "दोन". मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकदाच, श्वास गोळा करून. पुढचं माझा हात करायचा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मला वाटायचं सगळं तीच चालवते आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला चौथी ओळही बसली. आता एका दमात चारही ओळी, म्हणजे झालंच. मी संकल्पला फोन करून ऐट मारली. "सुट्टी घेऊन ये, तुझ्या आईसाठी कार्यक्रम ठेवलाय."

तो यायच्या आधीची दुपार. तीन वाजता मला फुलेऱ्याच्या गाडीवर पोचायचं होतं. समोरच्या क्वार्टरमधल्या मीराबाई, अकोल्याकडच्या, मी गेल्यावर गौतमीपाशी बसायला येत. त्या दारातच स्वेटर विणत बसल्या होत्या. चहा झाला. गौतमीनं पुकारलं, "दोन." पहिली ओळ झाली. "मोकळी." दुसरी ओळ झाली, अगदी स्वच्छ. आणि तिसऱ्या ओळीची पुकार आलीच नाही.

मी बोट तारेवर ठेवून थांबलो. तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती, जरा हसल्यासारखी.

"गौतमी, पुकार."

मी गिटारवर टिचकी मारली.

"अगं पुकार ना! झोपलीस काय?"

तिनं डोळे उघडले, मान हलवली आणि परत मिटले. मला वाटलं, नको म्हणते. दमली. खरं म्हणजे मला राग आला होता. एवढी मेहनत करायची आणि ऐन वेळी हिला झोप! घड्याळात सव्वादोन झाले होते. मी गिटार भिंतीला टेकवली, डबा उचलला आणि म्हणालो, "राहू दे. उद्या संकल्प आल्यावर बघू." पायताण घालून निघालोसुद्धा. मागे वळून बघितलं की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच.

फुलेऱ्याला पोचलो तर स्टेशनमास्तरनं बोलावून घेतलं. साडेपाचला ती गेली होती.

संकल्प आला, भुसावळहून माणसं आली, सगळं झालं. कुणी काय विचारलं, मी काय बोललो, माझं मला ठाऊक नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी गेल्यावर, भांडी आवरता आवरता मीराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊ, एक सांगू का? रागावू नका."

"बोला."

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावर गौतमीताई मला म्हणाल्या, त्यांनी पुढचं वाजवलंच नाही हो. मी म्हटलं, ताई, तुम्ही सांगितलं नाही ना पुढचं. तर म्हणाल्या, मी मुद्दाम गप्प बसले. त्यांना येतं सगळं. एवढे दिवस मी आकडेच बोलत बसले, गाणं कुठं ऐकलं? मला एकदा नुसतं ऐकायचं होतं."

मीराबाई पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

किती सरळ होतं ते! रोज माझ्या सुरावर तिचा आवाज होता. तिसरी, दोन, मोकळी. बापानं केलेलं गाणं वाजत होतं आणि तिला त्यातली एक ओळ निवांत कानावर घेता आली नव्हती. तिनं मान हलवली ती नको म्हणून नव्हे. "मी नाही पुकारत, तुम्ही चालू द्या," असं ती सांगत होती. आणि मी? मी पुकारीची वाट बघत बसलो. पुकार नाही तर हात हलवायचा नाही. मोठा नियमाचा माणूस!

सगळे गेल्यावर संकल्पला म्हणालो, बस इथं. आईच्या जागेवर नको म्हणून तो खाली बसला. मी गिटार घेतली. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरीशी आलो तेव्हा ओठ हलायला लागले, ते मी दातांखाली दाबून धरले आणि बोट पुढे टाकलं.

आली. तिसरी आली, चौथी आली. कुणी पुकारलं नाही, कागद नव्हता, एकदाही अडलो नाही. हातांना सगळं येत होतं. त्या दुपारीही येत होतं.

संकल्प गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सगळं गाणं मिळून तीन मिनिटांचंसुद्धा नाही.

आणि त्या दिवशी माझी फुलेऱ्याची गाडी पन्नास मिनिटं उशिरा सुटली होती.