हार्ड डिस्कच्या कप्प्यातले आजोबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसवतात ते कॅबिनेट म्हणजे मी. लोक पडद्याकडे बघतात. माझ्या वाट्याला टेबलाखालची जागा आणि अधूनमधून चुकून बसलेली लाथ.

मला घरी आणले एका घड्याळजींनी. त्यांनी नुकतेच दुकान बंद केले होते आणि हात स्वस्थ बसू देत नव्हते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी माझी एक बाजू उघडली, तेव्हा त्यांची पाच वर्षांची नात ठमी खुर्चीवर चढून आत डोकावली.

"आजोबा, हा तर रिकामाच आहे."

"बिऱ्हाड यायचंय अजून," ते म्हणाले.

मग एकेक बिऱ्हाडकरू आला. आतल्या उभ्या पत्र्यावर, पितळी खुंट्यांवर मदरबोर्ड बसला. तळाशी वीज पुरवणारा जाडजूड पॉवर सप्लाय आला. पुढचा पंखा गार हवा आत ओढी, मागचा गरम हवा बाहेर टाकी. पुढच्या पंख्यापुढे धूळ अडवणारी जाळी होती. वायरी त्यांनी मदरबोर्डच्या पाठीमागून अशा नेल्या की गुंता औषधालाही दिसेना. पुढच्या पंख्याच्या वाऱ्यात, रबराच्या गादीवर, हार्ड डिस्कचा कप्पा होता.

"हिला धक्का सोसत नाही आणि उकाडाही," त्यांनी ठमीला बजावले. "आपलं सगळं हीच लक्षात ठेवणार."

दुपारी माइक जोडून ते ठमीसाठी गोष्टी सांगत आणि त्या माझ्यात साठवत. स्वतः रचलेल्या गोष्टी. उलटे चालणाऱ्या घड्याळाची, शिंक अडकलेल्या न्हाव्याची, अशा त्रेचाळीस झाल्या. महिन्यातून एकदा ते मऊ ब्रशने माझी जाळी झाडत. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

एका सकाळी दाढी करताना ते कोसळले. दवाखान्यातून परतले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती.

ठमीची आई घरी बसून इमारतींचे आराखडे काढी. आता आजोबांचे, म्हणजे तिच्या बाबांचे, सगळे तिच्याच अंगावर पडले. माझ्या पंख्यांची घरघर तिला सहन होईना, म्हणून तिने मला टेबलाच्या कपाटात सरकवून दार लावले. तिचा दोष नव्हता. मला मोकळी हवा लागते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

संध्याकाळी ठमी गोष्ट लावी आणि आजोबांच्या खाटेवर बसे. ते आपलाच आवाज ऐकत आणि त्यांचे ओठ हलत.

जाळी धुळीने बुजली. पुढचा पंखा कण्हू लागला. चाळीस वर्षे घड्याळांची टिकटिक ऐकलेला तो कान! त्यांनी ते पहिल्याच दिवशी ओळखले. डाव्या हाताने ते कपाटाकडे बोट दाखवू लागले.

"पाणी हवंय का, बाबा?" ठमीच्या आईने विचारले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"खिडकी लावू?"

पुन्हा नाही. चार दिवस हेच चालले. पाचव्या दिवशी त्यांनी खाटेच्या दांडीवर चमचा आपटला.

"बाबा, मला थोडं काम करू द्या ना," ती कळवळून म्हणाली. त्यांनी चमचा खाली ठेवला.

त्याच दुपारी पंखा थांबला. ओरडून सांगावे तर मलाही वाचा नव्हती. हार्ड डिस्क तापत गेली, टक टक करू लागली आणि गप्प झाली.

दुरुस्तीवाल्याने मला उघडले. आत धुळीची गोधडीच निघाली.

"दुसरीकडे कुठे कॉपी ठेवलीय का, ताई?"

"कामाची आहे," ती म्हणाली. "गोष्टींची नाही."

त्याने डिस्क मोठ्या ठिकाणी पाठवून पाहिली. पंधरा दिवसांनी ती परत आली, आतले काहीच हाती लागले नव्हते.

ठमीची आई बाबांच्या पायाशी बसली. "तुम्ही हेच सांगत होतात ना?"

बराच वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. मग डावा हात हळूच तिच्या डोक्यावर ठेवला.

आता घरात नवा लॅपटॉप आहे. मी कोपऱ्यात आहे, एक बाजू उघडी, कप्पा रिकामा. संध्याकाळी ठमीच आजोबांना गोष्टी सांगते. कुठे चुकली तर ते खाटेवर बोट आपटतात आणि ती मागे जाऊन पुन्हा सांगते. पण तिला नऊच आठवतात. उरलेल्या चौतीस फक्त त्यांना ठाऊक आहेत.

मित्रांनो, यंत्रांची धूळ झाडा, त्यांना हवा लागू द्या, मोलाचे असेल ते दोन ठिकाणी ठेवा. आणि बोलता न येणारे माणूस कशाकडे बोट दाखवत असेल, तर हातातले काम सोडून उठा. तिथे जाऊन, दार उघडून बघा.