मुक्कामाची यादी

“या वर्षी मले तीन पोरी पाह्यजे, गुरुजी,” मंगलाबाई म्हणाली.

यादोराव गुरुजी तेव्हा बांधीत उकिडवे बसून दोरीला ताण देत होते. धान कापून झालेल्या त्या बांधीतली धसकटं शाळेच्या पोरांनी दोन दिवस खपून उपटली होती आणि आता तिथे कबड्डीचं मैदान आखायचं होतं. दोरी ढिली पडली की चुन्याची रेघ वाकडी जाणार, म्हणून त्यांनी मान वर केली नाही. कसल्या पोरी, असंही विचारलं नाही. ते त्यांना कळलं होतं.

आंधळगावच्या बाजूच्या अकरा खेड्यांतल्या शाळांचं मिळून एक बीट होतं. दरवर्षी पौषात त्या अकरा शाळांचं क्रीडासंमेलन एकेका गावी पाळीपाळीने भरे. शाळेचं वर्ष तसं शेतीच्या मागेमागेच चाले. रोवणीच्या दिवसांत पोरं आईबरोबर चिखलात, म्हणून वर्ग अर्धे रिकामे. मग पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, तेव्हा पुन्हा हजेरीची बोंब. आणि मळणी उरकून घरात नवे तांदूळ आले की संमेलन. नवे तांदूळ महत्त्वाचे, कारण बाहेरगावच्या दीडशे पोरांना शाळा जेवू घालत नसे, गाव घाले. दोन-दोन, तीन-तीन पोरं एकेका घरी वाटून दिली जात. ती तिथेच जेवत, तिथेच निजत आणि तिसऱ्या दिवशी रडतरडत आपापल्या गावी जात. पुढे वर्षभर त्या घरची मंडळी ‘आमच्याकडे उतरलेली पोरगी लांब उडीत पहिली आली’ म्हणून सांगत फिरत. जणू उडी त्यांच्याच भाताने मारली होती.

कोणतं पोर कोणत्या घरी, ही मुक्कामाची यादी यादोराव करत. संमेलन कोणत्याही गावी असो, यादी त्यांचीच. सहायक शिक्षक म्हणून लागले आणि सहायक शिक्षक म्हणूनच दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. पण यादीच्या बाबतीत त्यांचा शब्द हेडमास्तरसुद्धा खाली पडू देत नसत. कोणाला तिखट सोसत नाही, कोण अंथरूण ओलं करतं, कोणत्या दोघांचं हाडवैर आहे, हे सगळं ते त्या-त्या मास्तरांना आधी विचारून घेत.

एक गोष्ट मात्र ते न विचारता करत. पोराचं आडनाव पाहून घर ठरवत. बौद्धांची पोरं बौद्धांच्या घरी, बाकीची बाकीच्यांच्या घरी. ज्या गावी बौद्धांची घरंच नसत तिथे ती पोरं शाळेच्या ओट्यावर गुरुजींबरोबर जेवत, आणि ज्या वर्षी तशी पोरं कमी येत त्या वर्षी बौद्ध मोहल्ल्यातली निम्मी घरं रिकामी राहत. हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित ते नाही म्हणाले असते, कारण यादोराव स्वतः बौद्ध होते, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. पण यादीत खोट निघाली तर लोक ‘मास्तर चुकला’ एवढंच म्हणून थांबणार नाहीत, आणखी काहीतरी म्हणतील, ही धास्ती त्यांच्या मनात कायमची घर करून होती. धास्तीची सवय झाली की ती शिस्तच वाटायला लागते. त्यांनाही तसंच वाटे.

मोहखेड्याची पाळी या वर्षी, म्हणजे एक्याऐंशी साली, आली होती. मंगलाबाई मोहखेड्याच्याच बौद्ध मोहल्ल्यातली. नवरा नव्हता. विड्या वळायची, हंगामात रोवणीला जायची. एकुलती मुलगी चंद्रकला, ती तुमसरला दिलेली.

“चंद्रकलेले तुमी संमेलनाले नेलतं, आठवते?” मंगलाबाई बांधाच्या धुऱ्यावर टेकत म्हणाली. “चौथीत होती. तिले कोन्या घरी नाही धाडलं. ओट्यावर तुमच्याजवळच जेवली.”

“हाव. मी होतो ना सोबत.”

“होते जी. मी कुठी नाही म्हनतो? तुमी माह्या पोरीले जेवू घातलं. आता कोनाच्या पोरी मले जेवू घालू द्या.”

यादोरावांना तो ओटा चांगला आठवत होता. पोरीला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःचं आमंत्रण मोडून तिच्या शेजारी पंगत धरली होती, आणि हे आपण चांगलं काम केलं असं त्यांना आजपर्यंत वाटत आलं होतं. मंगलाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

“पाहतो,” ते म्हणाले.

नोकरीच्या तीस वर्षांत सर्वांत जास्त वेळा वापरलेला तो शब्द होता, आणि मंगलाबाईलाही तो ओळखीचा होता. ती म्हणाली, पुढली पाळी अकरा वर्षांनी येईल, तोवर आपण असू नसू. घर सारवलं आहे, नवी चटई आणली आहे. आपल्या मोहल्ल्यात या वर्षी चारच पोरं येणार आणि ती शेजारच्या दोन घरी जाणार, हेही तिने कोणाकडून तरी काढून घेतलं होतं. मग ती उठून गेली. त्यानंतर आखलेली रेघ दोरी ताणलेली असूनही वाकडी गेली, ती पायाने पुसून गुरुजींना पुन्हा टाकावी लागली.

यादी त्यांनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत केली. अठ्ठावन्न ओळी शाईने लिहिल्या. एकोणसाठावी ओळ लिहिताना हात थांबला. चिखलटोलीच्या शाळेतल्या तीन मुली उरल्या होत्या, आणि गावातल्या बाकीच्या घरांत त्यांना सहज जागा झाली असती. त्यांतली बारकी सत्यवती तर त्या गावच्या पाटलाची नात. गुरुजींनी टाक खाली ठेवला, खिशातली शिसपेन्सिल काढली आणि तिघींच्या नावांपुढे लिहिलं : मंगलाबाई. तेवढं लिहून त्यांनी वही मिटली आणि ते घटाघटा पाणी प्यायले. असं काही करण्याची हिंमत आपल्यात आहे हे पाहून त्यांना जरा बरंच वाटलं.

हेडमास्तर भैय्याजींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटच्या ओळीवर ते थबकले. घर कसं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. लहान आहे पण स्वच्छ आहे, असं गुरुजींनी सांगितलं. “तुमी ठेवलं म्हंजे विचार करूनच ठेवलं असन,” भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी वही परत केली. भैय्याजी वाईट माणूस नव्हते. आपल्या अंगावर काही येणार नाही एवढं ते पाहत, आणि ते आलं नाही की सर्वांशी प्रेमाने वागत.

संमेलनाच्या दिवशी दुपारपासून बैलबंड्या येऊ लागल्या. एकेका बंडीत वीस-वीस पोरं, प्रत्येकाच्या पिशवीत चादर, ताटली आणि कंगवा. झेंड्यासमोर रांगा लागल्या आणि रिवाजाप्रमाणे भैय्याजींनी यादी मोठ्याने वाचायला घेतली. नाव पुकारलं की घरमालकाने पुढे यायचं, पोरांचे हात धरायचे आणि घरी न्यायचं. गावचे सरपंच बाबूलाल यांच्या वाट्याला तीन दांडगी पोरं आली तेव्हा लोक हसले, यांच्या घरचं पोतं दोन दिवसांत खाली होईल म्हणून. एकोणसाठावं नाव वाचलं गेलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मंगलाबाई धुतलेलं लुगडं नेसून पुढे आली. क्षणभर ती नुसती उभी राहिली. तेवढ्यात सत्यवतीने आपणहून तिचं बोट धरलं आणि त्या चौघी मैदान ओलांडून चालत्या झाल्या. आभाळ काही कोसळलं नाही. भैय्याजींनी वही मिटली.

पुढचा तासभर यादोराव गुरुजी अगदी हलके झाले होते. त्यांनी दोन कप चहा घेतला. धावण्याची मार्गिका आखणाऱ्या तरुण मास्तरांना, दोरी कशी धरायची यावर न विचारता व्याख्यान दिलं. इतकी वर्षं आपण उगाच भीत होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खरं होतं की नाही हे ठरायच्या आत सत्यभामाबाई आल्या.

सत्यभामाबाई चिखलटोलीच्या मास्तरीणबाई. मुलींच्या सोबत आलेल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, उलट डोळ्याला पदर लावतच आल्या.

“मी तशी नाही, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “मी तं तुमच्या हातचं पानी पेतो. पन मले त्या गावात राहा लागते. सत्यवतीच्या आज्याले मालूम पडलं, तं पुढल्या साली एकही पोरगी माह्यासंग धाडत नाही कोनी. शाळेतूनही काढतीन. तुमीच सांगा, मी काय करू?”

गुरुजींना बाईंना काहीतरी खडसावून सांगायचं होतं. पण बाईंचं बोलणं त्यांना परकं वाटेना. मनाशी ते स्वतः इतकी वर्षं हेच बोलत आले होते, एवढ्याच काकुळतीने. ते भैय्याजींकडे गेले. भैय्याजींनी सगळं ऐकून घेतलं, वही उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“पेन्सिलीनंच तं लिवलं आहे, यादोराव,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. “पोरी बाईजवळ शाळेतच राहतीन. बोभाटा कायले पाह्यजे?”

यादोराव नाही म्हणू शकले असते. यादी वाचून झाली आहे, आता बदलत नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्यांच्या तोंडाशी आलंही होतं. ते म्हणाले, “दुसऱ्या कोनाले धाडू नका. मीच जातो.” निदान तेवढं तरी आपण करतो आहोत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मोहल्ला बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पलीकडे होता. तळ्याच्या बांधावरून चालताना त्यांनी काय सांगायचं ते जुळवलं. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर होती. मंगलाबाईच्या अंगणात तिघी मुली सागरगोट्यांसारखा बिट्ट्यांचा खेळ मांडून बसल्या होत्या. बारकीच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली होती. चुलीवर काही नव्हतं. तीन ताटल्या घासून भिंतीशी उपड्या लावलेल्या होत्या, अजून ओल्या. आणि ओसरीवर मुलींच्या तिन्ही पिशव्या, चादरींच्या घड्या घालून, बांधून एका रांगेत ठेवलेल्या होत्या.

गुरुजींनी जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. सकाळी कवायत लवकर आहे, अंधारातून पोरींना यायला नको, म्हणून बाई म्हणाल्या की... मंगलाबाईने त्यांना मध्येच तोडलं नाही. पूर्ण बोलू दिलं.

“हाव,” ती म्हणाली. “जेवल्या त्या. लाखोरीच्या डाळीचे वडे केलते, मोठीनं चार खाल्ले. कोनी ना कोनी न्यावाले येईनच, हे मले माईत होतं. म्हनून आल्या-आल्याच वाढून देल्लं.”

गुरुजींना लाज वाटली. आयुष्यात बऱ्याचदा वाटली होती, पण इतकी उघड्यावर कधी नाही.

“तुमीच यान असं नव्हतं वाटलं मातर,” मंगलाबाई म्हणाली.

खेळ मोडायला सत्यवती तयार नव्हती. काहून जावाचं, आमी तं इथंच निजनार होतो, नवी चटई आहे, असा तिने हट्ट धरला. तिने विचारलं गुरुजींना, पण मंगलाबाईनेच तिला जवळ ओढून तिच्या तोंडावरून ओला पदर फिरवला.

“बाई एकटी आहे ना तुमची शाळेत,” ती म्हणाली. “तिले भेव लागते. तुमी गेल्या का नाही लागनार.”

ते मुलींना पटलं. मंगलाबाईने एकेक पिशवी उचलून गुरुजींच्या हातात दिली. दोन डाव्या हातात, एक उजव्या. ती फाटकापर्यंत आली नाही. वळून पाहिलं तेव्हा ती अंगणात विखुरलेल्या बिट्ट्या वेचत होती.

मोहल्ल्यातली माणसं आपापल्या दारांत उभी होती. दुपारी याच मुली याच वाटेने येताना त्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटच्या घरासमोर परसराम बाजेवर बसलेला होता. वयाने गुरुजींहून पंधरा वर्षांनी मोठा, पण गुरुजी दिसले की तो नेहमी उठून उभा राही. आजही तो काठीच्या आधाराने उठला. काठी काखेत दाबून त्याने दोन्ही हात जोडले.

“जय भीम, गुरुजी.”

यादोरावांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्या खाली ठेवता आल्या असत्या. त्यांनी नुसती मान हलवली आणि मुलींना म्हणाले, “चला, पाय उचला. बाई वाट पाहून राहिल्या.”